जनक, पालक आणि पाल्य

दत्तकाचा तंटा म्हटला कीं आम्हां महाराष्ट्रीयांच्या डोळ्यांपुढें प्रथम उभी राहते ती इस्टेट. झांशीचा दत्तक नामंजूर झाला तो राज्यासाठीं. आणि लोकमान्य टिळकांना ज्या ताईमहाराज प्रकरणानें १९०१ पासून १९१५ पर्यंत छळलें, त्याच्या बुडाशींहि बाबामहाराजांच्या इस्टेटीचा वारस कोण, हाच प्रश्न होता. अशा तंट्यांत मुलगा असतो, पण तो वारस या नात्यापुरता. त्याला कोणाजवळ राहावेंसें वाटतें, कोणाच्या हांकेला तो ‘ओ’ देतो, हें कोणी विचारीत नाहीं. कारण तंटा त्याच्यासाठीं चाललेलाच नसतो.

याहून निराळा, आणि आमच्या मतें अधिक करुण, असा आणखी एक तंटा आहे. त्यांत वाडा नसतो, वतन नसतें. जन्म देणारा बाप एका बाजूस, वाढविणारें माणूस दुसऱ्या बाजूस, आणि दोघेहि मागतात तें मूलच. दोघांचेंहि प्रेम खरें असूं शकतें. दोघांपैकीं एकाचें घर रिकामें होणार, हें मात्र ठरलेलें असतें. या तंट्याचा आमच्या परंपरेंतील उगम सांगून, त्यांतील एका सुप्रसिद्ध खटल्याची हकीकत वाचकांपुढें ठेवावी आणि तिच्यावरून कांहीं बोध होतो कीं काय हें पाहावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

उगम फार जुना आहे. ऐतरेय ब्राह्मणांतील शुनःशेपाची कथा वाचकांस ठाऊक असेलच. हरिश्चंद्रानें वरुणाला आपला पुत्र रोहित देऊं केला होता. त्याच्याऐवजीं बळी देण्यास रोहितानें अजीगर्त नांवाच्या भुकेल्या ब्राह्मणाचा मुलगा शंभर गाई देऊन विकत घेतला. थोरला मुलगा बाप सोडीना, धाकटा आई सोडीना. म्हणून मधला शुनःशेप विकला गेला. यूपाला बांधण्यास कोणी पुढें येईना, तेव्हां आणखी शंभर गाईंवर बापानेंच त्याला बांधलें. आणि आणखी शंभर कबूल होतांच तो सुरी परजून वधासहि सिद्ध झाला. देवांच्या स्तुतीनें मुलाचे पाश गळून पडले आणि तो होता असलेल्या विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसला. तेव्हां अजीगर्त म्हणूं लागला कीं माझा मुलगा मला परत द्या. विश्वामित्रानें नकार दिला. हा देवांनीं मला दिला, असें तो म्हणाला. त्यावर बापानें मुलालाच साकडें घातलें. आपण आंगिरस, वाडवडिलांचा वंश सोडूं नकोस, अशी विनवणी त्यानें केली. येथें कथेचा खरा गाभा आहे. उत्तर विश्वामित्र देत नाहीं. शुनःशेप स्वतः देतो. तुझ्या हातीं शस्त्र पाहिलें आहे, माझ्यापेक्षां तुला तीनशें गाई अधिक वाटल्या, हें त्यानें स्पष्ट ऐकविलें. बाप पश्चात्तापानें त्या गाईहि देऊं करतो, पण मुलगा परत जात नाहीं. तो देवरात होतो, विश्वामित्राचा ज्येष्ठ पुत्र होतो.

जनक आणि पालक यांच्यामधील तंट्याचा निकाल मुलाच्या मुखानें लागल्याचें इतकें स्पष्ट उदाहरण प्राचीन वाङ्मयांत आम्हांस दुसरें ठाऊक नाहीं. पुढें मात्र हा आवाज बराच काळ ऐकूं येईनासा झाला.

धर्मशास्त्रकारांनीं दत्तकाचा विचार दानाच्या परिभाषेंत केला. पुत्र हा मातापित्यांच्या शुक्रशोणितापासून झालेला, म्हणून त्याला देण्याचा, विकण्याचा किंवा टाकण्याचा अधिकार त्यांना आहे, असें वसिष्ठ सांगतो. आणि लगेच एकुलता पुत्र देऊं नये, घेऊंहि नये, असा निर्बंध घालतो. दत्तक गेलेल्या पुत्रानें जनकाचें गोत्र व धन घेऊं नये, हा मनूचा नियम. नंद पंडितानें दत्तकमीमांसेंत आणि नीलकंठ भट्टानें व्यवहारमयूखांत या विषयाचा पुष्कळ खल केला आहे. कोणीं द्यावा, कोणीं घ्यावा, विधवेला अधिकार आहे कीं नाहीं, होम आवश्यक आहे कीं नाहीं, हें सारें त्यांत येतें. ज्याला द्यावयाचें त्याची इच्छा काय, हा प्रश्न मात्र सहसा मध्यवर्ती होत नाहीं. दानाच्या वस्तूला कोण विचारतो? तथापि या व्यवस्थेचा एक गुण मान्य केला पाहिजे. दान एकदां झालें कीं झालें. उदक सोडलेल्या हाताला पुन्हां मागण्याचा हक्क नाहीं. त्यामुळें मूल दोन दारांमध्यें लोंबकळत राहात नसे.

१८७५ सालीं महाराणी जमनाबाईंनीं बडोद्याच्या गादीसाठीं नाशिक जिल्ह्यांतील कवळाण्याचा गोपाळराव दत्तक घेतला, तेव्हां आणलेल्या मुलांस तुम्ही कशाला आलां असें विचारलें, आणि गोपाळरावानें राज्य करायला आलों असें उत्तर दिलें, अशी आख्यायिका आहे. ती लोकांना इतकी आवडते याचें एक कारण आम्हांस असें वाटतें कीं, दत्तकाच्या कथेंत मुलगा बोलतो हीच गोष्ट अपूर्व आहे.

असो. दत्तविधान म्हणजे पूर्ण दान. परंतु संसारांत त्याहून ढिलें असें दुसरें देणें पुष्कळ चालतें. बाप गरीब असतो, आई वारलेली असते, आणि कोणी श्रीमंत आप्त किंवा स्नेही मुलाला शिकवितों म्हणून घेऊन जातो. होम नाहीं, गोत्र बदलत नाहीं. एखादें पत्र लिहिलें जातें, कधीं तेंहि नाहीं. मग वर्षें जातात, मूल त्या घरचें होतें, आणि एके दिवशीं बाप दारांत येऊन उभा राहतो. त्यानें दिलें तें दान होतें कीं ठेव?

इंग्रजी कायद्यानें या प्रश्नाचें उत्तर दोन तऱ्हांनीं दिलें होतें. बापाचा मुलावरील अधिकार १८८३ च्या एका प्रसिद्ध निकालांत जवळजवळ निरंकुश मानला गेला. परंतु त्याआधींच, १८२१ सालीं, बापानें आपल्या संमतीनें मुलींना दुसऱ्यांच्या छत्राखालीं वाढूं दिल्यावर त्यांचें जीवन उलथून त्यांना परत नेण्यास न्यायालयानें मनाई केली होती. हिंदुस्थानांत १८९० चा पालक व पाल्य यांचा कायदा आला. पालक नेमतांना अज्ञान मुलाचें हित पाहावें, आणि समजण्याइतकें त्याचें वय असेल तर त्याची इच्छाहि विचारांत घ्यावी, असें त्यानें सांगितलें. पण बाप हयात असून नालायक नसेल तर दुसरा पालक नेमूं नये, असेंहि त्याच कायद्यानें सांगितलें. या दोन वाक्यांची गांठ पडली ती मद्रासेस.

जिद्दू नारायणय्या हे तेलुगु ब्राह्मण, मद्रास विद्यापीठाचे पदवीधर, मुलकी खात्यांत तहशीलदारीपर्यंत चढलेले, आणि थिऑसॉफिकल सोसायटीचे जुने सभासद. १९०५ मध्यें त्यांची पत्नी संजीवम्मा वारली. १९०७ च्या अखेरीस ते निवृत्त झाले, तेव्हां पेन्शन दरमहा ११२ रुपये आणि पदरीं चार मुलगे. त्यांनीं सोसायटीच्या अध्यक्षा ॲनी बेझंट यांस अड्यार येथें कांहीं काम देण्याविषयीं विनविलें. प्रथम नकार आला. अखेर जानेवारी १९०९ मध्यें त्यांना कचेरींत काम आणि त्याच्या मोबदल्यांत आवाराबाहेर एक मोडकळीस आलेलें घर राहावयास मिळालें.

त्याच वर्षीं समुद्रकांठीं त्यांच्या कृष्णमूर्ति नांवाच्या मुलावर सोसायटीचे एक पुढारी लेडबीटर यांची दृष्टि पडली. मुलगा कृश, शाळेंत मंद समजला गेलेला, मास्तरांचा मार खाणारा. परंतु याच्याच देहांत जगद्गुरु अवतरणार, असें लेडबीटर यांनीं सांगितलें. कृष्णमूर्ति व धाकटा नित्यानंद यांना शाळेंतून काढून आवारांत शिकविण्यास आरंभ झाला. बेझंटबाईंवर मुलांचा जीव जडला. ते त्यांना अम्मा म्हणूं लागले. ६ मार्च १९१० रोजीं नारायणय्यांनीं सही करून दोन्ही मुलांचें पालकत्व बाईंच्या स्वाधीन केलें.

या सहीजवळ वाचकांनीं क्षणभर थांबावें. ती जबरदस्तीनें घेतलेली नव्हती. न्यायालयांतहि तशी गोष्ट सिद्ध झालेली नाहीं. परंतु सही करणाऱ्याचें काम, राहतें घर आणि गुरुस्थान हीं तीन्ही एकाच व्यक्तीच्या हातीं होतीं. आईवांचून पोरक्या झालेल्या मुलांना विलायतेचें शिक्षण मिळणार, ही आशा कोणत्या बापाला मोहवणार नाहीं? बाईंचा हेतु निर्मळ होता असें आम्ही मानतों. तरी देणारा आणि घेणारा एका पायरीवर उभे नव्हते, हेंहि तितकेंच खरें.

पुढें बापाचें मन फिरलें. लेडबीटर यांच्यावर मुलांना दिलेल्या शिकवणुकीवरून १९०६ मध्यें आक्षेप येऊन त्यांना सोसायटी सोडावी लागली होती. ते परत आलेले असले तरी त्यांच्या सहवासांत आपलीं मुलें नसावींत, असें नारायणय्यांना वाटूं लागलें. १९११ मध्यें ‘ऑर्डर ऑफ द स्टार इन द ईस्ट’ ही संस्था निघून कृष्णमूर्ति तिचा प्रमुख झाला. त्या वर्षाच्या डिसेंबरांत काशीस त्याच्या पायांवर लोक लोटांगणें घालूं लागले, हेंहि बापाला रुचलें नाहीं. फेब्रुवारी १९१२ मध्यें बेझंटबाई मुलांना घेऊन इंग्लंडास गेल्या. मुलें परत करा, ही बापाची मागणी अमान्य झाली, आणि ऑक्टोबर १९१२ मध्यें त्यांनीं चेंगलपट येथील जिल्हा न्यायालयांत दावा लावला. तो पुढें मद्रास हायकोर्टांत वर्ग झाला.

हा खटला त्या काळीं फार गाजला. जगभर नांव असलेली वक्तृत्वनिपुण स्त्री प्रतिवादी. आणि तिनें आपली बाजू स्वतःच मांडली. वादी एक पेन्शनर बाप. त्याच्या वतीनें उभे होते सी. पी. रामस्वामी अय्यर. एप्रिल १९१३ मध्यें न्यायमूर्ति बेकवेल यांनीं निकाल दिला. लेडबीटर यांच्यावर वादीनें केलेला गंभीर आरोप त्यांनीं सिद्ध मानला नाहीं. पण त्यांचीं मतें पाहतां मुलांच्या सहवासास ते अयोग्य ठरविले, मुलें न्यायालयाच्या संरक्षणाखालीं घेतलीं, आणि तीं बापाच्या स्वाधीन करण्याचा हुकूम केला. खर्च मात्र त्यांनीं वादीवरच बसविला. ऑक्टोबर १९१३ मध्यें अपिलांतहि ताब्याचा हुकूम कायम झाला. बाप दोनदां जिंकला. परंतु मुलें इंग्लंडांत होतीं, आणि बेझंटबाईंनीं प्रिव्ही कौन्सिलकडे धांव घेतली.

२५ मे १९१४ रोजीं तो निकाल फिरला. त्याचें प्रत्यक्ष कारण अधिकारक्षेत्राचें होतें. मुलें इंग्लंडांत असल्यामुळें चेंगलपटच्या न्यायालयाला हा दावा चालवितां येत नव्हता. बापाला जावयाचें तर त्यानें इंग्लंडच्या हायकोर्टांत जावें, असें कौन्सिलानें सांगितलें. पुष्कळांनीं याला तांत्रिक निकाल म्हणून नांव ठेविलें. आमच्या मतें त्यांतील विवेचन तांत्रिक नाहीं. बाप हा मुलांचा नैसर्गिक पालक खरा, परंतु हें पालकत्व पवित्र विश्वस्ताचें आहे. म्हणून आपल्या हयातींत दुसऱ्याला कायमचा पालक करून तो त्यांतून मोकळा होऊं शकत नाहीं. त्यानें संगोपन दुसऱ्याकडे सोंपविलें तरी तें परत घेतां येण्याजोगें आहे, मग करार कसाहि असो. येथपर्यंत सगळें नारायणय्यांच्या बाजूचें. पण पुढें असेंहि म्हटलें आहे कीं, त्या सोंपवणुकीमुळें मुलांचे जे ऋणानुबंध जडले, ज्या आशा उत्पन्न झाल्या, त्या मोडणें मुलांच्या अहिताचें असेल तर न्यायालय बापाला आडवें येईल. आणि ज्या मुलांविषयीं दोन न्यायालयांनीं हुकूम काढले, त्यांची बाजू स्वतंत्रपणें मांडली गेली नव्हती, त्यांची इच्छा विचारली गेली नव्हती, हा दोष कौन्सिलानें दाखविला. त्या वेळीं कृष्णमूर्ति एकोणीस वर्षांचा होता.

शुनःशेपानंतर किती शतकांनीं हा प्रश्न पुन्हां विचारला गेला, हें पाहून आश्चर्य वाटतें. तथापि या निकालाचा आनंद निर्भेळ नाहीं. जडलेले ऋणानुबंध मोडूं नयेत हा नियम मुलाच्या दृष्टीनें रास्त; परंतु त्यामुळें काळ हा ज्याच्या ताब्यांत मूल आहे त्याचा साक्षीदार बनतो. खटला जितका लांबेल तितकी त्याची बाजू बळकट. समुद्रापार गेलेल्या मुलांसाठीं लंडनास जाऊन नवा दावा लावणें ११२ रुपये पेन्शनच्या माणसाला कसें शक्य होतें? तत्त्व त्याच्या पदरीं पडलें, मुलें पडलीं नाहींत. तीं हिंदुस्थानांत परत आलीं ती थेट १९२१ च्या अखेरीस, आणि तोंपर्यंत बालपण संपलें होतें.

ज्या आशांसाठीं हा सारा खटाटोप झाला त्यांचें काय झालें तें सांगणेंहि इतिहासाचें काम आहे. खटल्याच्या गाजावाजानंतर ऑक्सफर्डचीं दारें कृष्णमूर्तीला उघडलीं नाहींत. नित्यानंद बॅरिस्टर झाला, पण नोव्हेंबर १९२५ मध्यें कॅलिफोर्नियांत क्षयानें वारला. आणि ३ ऑगस्ट १९२९ रोजीं हॉलंडमधील ओमेन येथें कृष्णमूर्तीनें आपल्यासाठीं उभारलेली ती संस्था स्वतःच विसर्जित केली. आपणांस अनुयायी नकोत, असें त्यानें सांगितलें. बाप त्याला मुलगा म्हणून मागत होता, पालक त्याला जगद्गुरु म्हणून वाढवीत होते. बोलण्याची वेळ आली तेव्हां तो तिसरेंच बोलला. बेझंटबाईंविषयींचें त्याचें प्रेम मात्र अखेरपर्यंत ओसरलें नाहीं, हेंहि नमूद केलें पाहिजे.

यानंतर कायदा त्या दिशेनें बराच पुढें गेला. १९५६ च्या हिंदु अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानें मुलाचें हित हेंच सर्वश्रेष्ठ ठरविलें; त्याच वर्षाच्या दत्तक कायद्यानें कायदेशीर दत्तविधान रद्द करतां येणार नाहीं, असें सांगून जुनी निश्चितता राखली. २००८ मध्यें आमच्या सर्वोच्च न्यायालयापुढें बाप आणि आईचे आईबाप यांच्यामधील एक तंटा आला. मुलाची आई वारली होती; मुलानें बापाकडे जाण्यास नकार दिला होता, आणि खालच्या न्यायालयांनीं त्याला पुरेसें महत्त्व दिलें नव्हतें. सर्वोच्च न्यायालयानें तें निकाल फिरवून मुलाला आजोळीं ठेविलें. १९१४ चा धडा येथें पक्का झालेला दिसतो.

परंतु मूल बोलण्याच्या वयाचें नसेल तर काय? अमेरिकेंत या प्रश्नानें मोठा गहजब केला. आयोवा संस्थानांत १९९१ मध्यें जन्मलेली एक मुलगी आईनें दुसऱ्याच पुरुषाचें नांव बाप म्हणून सांगून दत्तक देऊं केली. खऱ्या बापाला कळतांच त्यानें थोड्याच आठवड्यांत हक्क सांगितला. तरी तंटा अडीच वर्षें चालला, आणि ऑगस्ट १९९३ मध्यें ती मुलगी, जे तिला आईबाप म्हणून ठाऊक होते त्यांच्यापासून घेऊन जनकांकडे देण्यांत आली. इलिनॉय संस्थानांत बापाला मूल जन्मतःच वारलें असें सांगण्यांत आलें होतें. १९९५ मध्यें चार वर्षांचा तो मुलगा बापाकडे गेला. या दोन्ही प्रकरणांत बाप निर्दोष होता, वाढविणारांचें प्रेम खरें होतें, आणि शिक्षा झाली ती तिसऱ्यालाच. येथें मुलाला विचारण्याचा उपाय चालत नाहीं. येथें विचारावयाचें तें आरंभींच, बापाला. म्हणूनच आमच्याकडील २०१५ च्या बाल न्याय कायद्यानें मूल स्वाधीन करणाऱ्या आईबापांस फेरविचारासाठीं दोन महिन्यांची मुदत ठेविली आहे, ती आम्हांस शहाणपणाची वाटते. नारायणय्यांस अशी मुदत, आणि अड्यारच्या आवाराबाहेरचा कोणी सल्लागार मिळता, तर त्यांनीं ती सही केली असती कीं नाहीं, कोणीं सांगावें?

जनक मोठा कीं पालक मोठा, या वादाला अंत नाहीं. यशोदा आणि देवकी यांत निवड करण्याचें धाडस आमच्या संतांनींहि केलें नाहीं. हा प्रश्नच चुकीच्या टोंकाकडून धरलेला आहे, असें या इतिहासावरून आम्हांस वाटतें. देणाऱ्यानें दिलें तें मोकळ्या मनानें कीं अडचणीनें, हें देतेवेळींच पाहावें; तंटा उद्भवलाच तर तो महिन्यांत संपवावा, वर्षांत नव्हे; आणि मूल जाणतें असेल तर पहिल्याच न्यायालयानें त्याला जवळ बोलावून विचारावें. नारायणय्यांच्या खटल्यांत यांपैकीं एकहि गोष्ट वेळेवर झाली नाहीं. आजहि एखाद्या घरीं बहिणीचें वा भावाचें पोर शिकावयास म्हणून येतें, रुळतें, आणि मग परत बोलावण्याचें पत्र येतें, तेव्हां दोन्हीकडील वडील माणसें आपापले हक्क मोजूं लागतात. त्यांनीं तसें करण्यापूर्वीं त्या पोराला जवळ घेऊन बसावें, आणि तें काय म्हणतें तें शेवटपर्यंत ऐकून घ्यावें, एवढीच आमची विनंति आहे.